काचेतलं ताट

देशमुखांच्या घरातली बाई अंगणात बसत नसे, आणि हैबतराव देशमुखांना या रीतीचा मोठा अभिमान होता. बायको सगुणाबाई हाडांच्या दुखण्याने खंगली, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "व्हिटॅमिन डी फार कमी झालंय. रोज उन्हात बसवा." हैबतरावांनी ओसरी काचांनी बंद केली आणि तिला आत बसवलं. ऊनही मिळालं, रीतही राहिली!

चार महिन्यांनी तपासलं, तर व्हिटॅमिन होतं तिथंच.

"डॉक्टरला काही कळत नाही," हैबतराव जेवायला आलेल्या पाहुण्यांपुढे गरजले. "ऊन काय काचेला घाबरतं?"

सून मृणालने त्यांचं ताट वाढलं, काचेच्या कपाटात ठेवलं आणि दार लावून घेतलं.

"जेवा, मामंजी."

"कपाटातलं कसं जेवू?"

"दिसतंय की सगळं."

"दिसून पोट भरतं का, सूनबाई?"

"नाही ना? काचेतून उजेड येतो, ऊब येते. पण ज्या किरणांनी अंगात व्हिटॅमिन डी तयार होतं, ते काच अडवते. सासूबाई चार महिने अशाच उपाशी बसल्यात."

पाहुणे हसले. हैबतराव चिडलेच असते. पण नवरा उपाशी राहील म्हणून सगुणाबाई भिंत धरून उठली, कपाटाकडे निघाली आणि वाटेतच मटकन खाली बसली.

हैबतरावांची मान खाली गेली. त्यांनी स्वतः खुर्ची उचलून अंगणात भर उन्हात ठेवली आणि बायकोला हाताला धरून नेलं.

"अहो, लोक बघतील."

"बघू देत," ते हळू आवाजात म्हणाले. "लाज वाटायची ती मला वाटू दे."