हत्तींची वाट आणि तीन सिंहासने

पूर्वी इक्षुपुरात राजा दंडकेतू राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्वाने अमात्यकुळात जन्म घेतला होता. लोक त्याला क्षेमंकर म्हणत. राजा मनाने वाईट नव्हता. प्रजेवर त्याचे प्रेम होते, उसाच्या रसावर त्याहून थोडे अधिक. फक्त कोणाला काही विचारायची वेळ आली की त्याला घशात काटा अडकल्यासारखे होई.

इक्षुपुराच्या उत्तरेला राणी भद्रावतीचे राज्य होते आणि पश्चिमेला म्हाताऱ्या राजा गोमुखाचे. एके वर्षी डोंगरातला हत्तींचा कळप इक्षुपुराच्या उसात शिरला. सकाळी शेतकरी पाहतात तो उसाच्या जागी नुसता चोथा. राजाने नगरातले झाडून सगळे ढोल शेतांवर नेले आणि असा गदारोळ उडवला की कळप मुकाट्याने भद्रावतीच्या राज्यात निघून गेला.

"महाराज, हत्ती गेले खरे, पण गेले कुठे?" क्षेमंकराने विचारले.

"शिवेपलीकडे," राजा म्हणाला. "पलीकडचे पलीकडच्यांनी पाहावे."

भद्रावतीनेही तसेच पाहिले. तिच्या ढोलांनी कळप गोमुखाकडे गेला, गोमुखाने तो पुन्हा इक्षुपुराकडे पिटाळला. असे फेरेच सुरू झाले. दर फेऱ्याला हत्ती अधिक गुबगुबीत दिसू लागले. शिवाय एक गोष्ट त्यांच्या पक्की ध्यानात आली. ढोल वाजतो तिथे ऊस असतो. मग ढोल ऐकून पळायचे सोडून ते कान हलवीत ढोलाच्याच दिशेने येऊ लागले.

राजाला याचा पत्ता नव्हता. कळप थोडे दिवस दिसेनासा झाला, तेव्हा त्याने विजयाची मिरवणूक काढली. घरोघरी उसाची तोरणे लागली. पुढे ढोल, मागे राजहत्ती, त्यावर अंबारीत कमळांची माळ घातलेला राजा. मिरवणूक चौकात आली आणि लोक मोठमोठ्याने ओरडू लागले. जयजयकारच तो, असे समजून राजाने आशीर्वादाचा हात वर केला. तो हात कोणीतरी हुंगला. राजाने वळून पाहिले, तर सोंड! सगळा कळप मोठ्या शिस्तीने मिरवणुकीत सामील झाला होता आणि जाता जाता तोरणे खात होता. राजहत्तीला तर माहेरची माणसे भेटल्यासारखे झाले. तो त्यांच्यातच मिसळला, आणि दिवस मावळेपर्यंत राजा आपल्याच प्रजेच्या उसातून अंबारीत बसून हिंडत राहिला.

खाली उतरल्यावर तो पाणीसुद्धा प्यायला नाही. "शिवेवर खड्डे खणा," तो गरजला. "खड्ड्यांत टोकदार खुंट रोवा. एकही हत्ती जिवंत परतता कामा नये!"

क्षेमंकर शांतपणे म्हणाला, "महाराज, त्यांच्यात दूध पिणारी पिल्ले आहेत. खड्डा वय विचारीत नाही. आणि भद्रावतीचा निरोप आला आहे की यापुढे हत्ती तिकडे वळले, तर त्यांच्यामागून तिचे सैन्य इकडे येईल. गोमुखही तलवारी परजतो आहे."

"मग मी करू तरी काय?"

"डोंगरातून सरोवराकडे जाण्याची हत्तींची जुनी वाट तिन्ही राज्यांतून जाते. तिच्यावर आपण सर्वांनी ऊस लावला. आपण एकट्यानेच ती मोकळी केली, तर ती शेजाऱ्याच्या कुंपणाशी संपेल. तिघांनी मिळूनच ती सोडली पाहिजे."

"म्हणजे मी भद्रावतीला विचारायचे?"

"तिच्याशी बोलायचे."

"एकच झाले!" राजा धुसफुसला. पण अंबारीतला दिवस आठवून तो नरमला. "मी कोणाच्या दारी जाणार नाही, सांगून ठेवतो."

"तिन्ही शिवा मिळतात तिथे मोकळा माळ आहे, महाराज. तिथे कोणाचेच दार नाही."

ठरल्या दिवशी तिघे माळावर आले. गोमुखाने सिंहासन चौथऱ्यावर मांडले होते. भद्रावतीने ते पाहून आपले त्याहून उंच मांडले. दंडकेतूने ताबडतोब सुतार बोलावले. मग बाकीच्यांनीही बोलावले. दुपारपर्यंत तिघेही शिड्या लावून इतके उंच जाऊन बसले की एकाचे बोलणे दुसऱ्याला ऐकू जाईना.

"काय म्हणता?" गोमुख ओरडला.

"अजून कोणी काही म्हटलेलेच नाही!" भद्रावती ओरडली.

क्षेमंकर खाली गवतावर बसला होता. कळप येताना त्यालाच आधी दिसला. त्याने ढोलकऱ्यांना हाताने आवरू पाहिले, पण तोवर घाबरलेल्या सेवकांनी कळप दुसऱ्याच्या अंगावर घालण्यासाठी तिन्ही बाजूंनी ढोल बडवायला सुरुवात केली होती. हत्तींच्या आनंदाला पारावार राहिला नाही. आज सगळीकडेच ऊस! ते सिंहासनांभोवती गोल गोल फिरू लागले. शिड्यांचा चुराडा झाला. एका वयस्क हत्तिणीच्या पाठीला खाज सुटली होती. ती दंडकेतूच्या सिंहासनाच्या खांबाला पाठ घासू लागली.

राजा वर डुलू लागला. "भद्रावती, ढोल थांबव!"

"आधी तुझे थांबव!"

"आधी म्हाताऱ्याचे थांबवा!"

"काय म्हणता?" गोमुखाने विचारले.

क्षेमंकर हत्तींच्या मधून चालत राजाच्या खांबाशी आला. हत्तिणीच्या अंगावर एक हात ठेवून त्याने वर पाहिले आणि तिघांनाही ऐकू जाईल असे ओरडून सांगितले. "महाराज, एकाचे ढोल थांबले तर हत्ती दुसऱ्याच्या ढोलांकडे धावतील. मी उपरणे खाली टाकीन, त्या क्षणी तिघांचेही थांबले पाहिजेत. एकदम."

दुसऱ्या कोणाबरोबर एकदम असे दंडकेतूने आयुष्यात काही केले नव्हते. तो विचारात पडला. तेवढ्यात हत्तिणीने दुसरी बाजू घासायला घेतली.

"मान्य!" राजा किंचाळला. पलीकडूनही दोनदा "मान्य!" ऐकू आले.

उपरणे पडले. ढोल थांबले. माळावर अशी शांतता पसरली की राजाला वर हत्तींच्या कानांची फडफड ऐकू आली. हत्तिणीने घासणे सोडले, सोंड उंचावून वाऱ्याचा वास घेतला आणि सरोवराच्या दिशेने चालू लागली. कळप तिच्यामागून निघाला. थोड्या अंतरावर उसाचे दाट शेत आडवे आले, तशी ती थबकली.

क्षेमंकर धावत पुढे गेला आणि एका सेवकाचा विळा घेऊन ऊस कापू लागला.

"अरे, ते तर तुझेच शेत!" राजा वरून ओरडला. "मी दिलेले! तुझ्या घराचे वर्ष त्यावर निघते!"

"वाट यांची होती, महाराज," क्षेमंकर न थांबता म्हणाला. "मध्ये मी आलो."

मग राजाने मुकुट काढून सिंहासनावर ठेवला आणि खांबाला मिठी मारून गुडघे खरचटत तो खाली उतरला. धोतर झटकीत तो शेजारच्या सिंहासनाखाली जाऊन उभा राहिला. तो दोनदा खाकरला.

"भद्रावती," तो म्हणाला, "तुझ्याकडे एखादा जास्तीचा विळा आहे का?"

राणीने वरून वाकून पाहिले. "विळे पुष्कळ आहेत," ती म्हणाली. "आधी मला खाली उतरव."

गोमुखाला उतरवायला दोघे लागले. त्या दिवशी तिन्ही राज्यांच्या लोकांनी मिळून सरोवरापर्यंतची वाट मोकळी केली. शिवेवर खणायला घेतलेले खड्डे बुजवले. वाटेच्या दोन्ही कडांना तिघांचे राखणदार एकत्र बसू लागले, आणि वाटेबाबत कोणी एकट्याने काही ठरवायचे नाही असा करार झाला. भांडणे पुढेही झाली, पण ती जमिनीवर बसून झाली.

तथागतांनी ही गोष्ट एका विहारात सांगितली. तिथे तीन भिक्षू रोज अंगण झाडताना आपला पाचोळा एकमेकांच्या दारात लोटत असत. त्यामुळे झाडणे कधी संपत नसे आणि विहार कधी स्वच्छ होत नसे.

तथागत म्हणाले, "भिक्षूंनो, त्या वेळचा दंडकेतू म्हणजे हा उत्तरक, भद्रावती म्हणजे सुयाम, आणि गोमुख म्हणजे स्थविर कंबल." "काय म्हणाले?" कंबलाने शेजाऱ्याला विचारले. तथागत पुढे म्हणाले, "क्षेमंकर अमात्य तो मीच होतो. आपले भले शेजाऱ्याच्या भल्याहून वेगळे न मानणे, हीच मैत्री पारमिता, मैत्रीची परिपूर्णता."

तिघांनी माना खाली घातल्या. मग उत्तरकाने हळूच विचारले, "भंते, पण मग पाचोळा टाकायचा कुठे?"

"ते तिघे मिळून ठरवा," तथागत म्हणाले.