तेलाखालचा ठसा

"गंजाचा ठसा किती जुना आहे, ते बघून सांगता येतं का हो, आक्का?"

हंसाआक्का शिर्के यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. त्या माझ्या हातातल्या पेटीकडे बघत होत्या.

"आधी पेटी टेबलावर ठेव. मग प्रश्न."

मी ठेवली.

ह्या एका प्रश्नानं माझी झोप गेली होती. बाबा गेले आणि त्यांचं जुनं इंग्लिश पिस्तूल, परवान्याचे सगळे सोपस्कार होऊन, माझ्याकडे आलं. पणजोबांच्या काळातलं. बत्तीस बोअरचं, निळसर काळं, हातात घेतलं की वाटतं त्यापेक्षा जड. एका रविवारी मी ते पुसायला घेतलं. तेलाचा घट्ट, मधासारखा थर निघाला आणि वरच्या पोलादावर एक तपकिरी ठसा दिसला. बोटाचा. इवलासा.

आमच्या घरात इवली बोटं एकाच व्यक्तीला आहेत. माझ्या मुलीला, कावेरीला. ती बालवाडीत जाते.

कपाटाला कुलूप असतं. किल्ली मी अशी लपवते की कधी कधी मलाच सापडत नाही. तरीसुद्धा... कधी? कसं? आणखी कशाकशाला बोट लावलं असेल?

तिला सरळ विचारायचं, तर भीती वाटली. विचारल्यामुळेच तिच्या डोक्यात नसलेलं काहीतरी शिरलं तर? म्हणून पोटच्या पोरीला न विचारता मी पेटी गाडीत टाकली, पोरीलाही टाकलं आणि कराडजवळच्या ह्या नेमबाजीच्या रेंजवर आले. बाबांना आणि कॉलेजात असताना थोडंफार मलाही नेम धरायला शिकवलेल्या बाईला विचारायला. अशा वागणाऱ्या माझ्याकडे मुलं रसायनशास्त्र शिकायला येतात, ह्याचं मला अधूनमधून नवल वाटतं.

आक्कांनी पेटी उघडली. केस पांढरेशुभ्र, सुती साडीचा पदर कमरेला खोचलेला, गळ्यात कानांवर लावायचे मफ, हारासारखे. त्यांनी गोळ्यांचं मॅगझिन काढलं, वरचा भाग मागे ओढला, नळीच्या तोंडाशी करंगळी घालून चाचपलं.

"रिकामं आहे," मी म्हणाले. "निघताना चार वेळा बघितलंय."

"बरं केलंस."

"मग तुम्ही का बघितलं? विश्वास नाही का माझ्यावर?"

"आहे की. म्हणून तर एकदाच बघितलं."

कावेरी टेबलाच्या कडेला हनुवटी टेकवून उभी होती. हात पाठीमागे. तेही मी बघून घेतलं.

"घोडा अजून झकास आहे," आक्का पुटपुटल्या.

"कुठाय घोडा?" कावेरी.

"हा काय. मागे बसलाय तो."

कावेरीनं बराच वेळ निरखलं. "ह्याला पाय नाहीत."

"एका जागी बसून काम करतो. तुझ्या आजोबांच्या ऑफिसात असायचे ना साहेब, तसा."

"खातो काय?"

"तेल. पण थेंबभर. जास्त पाजलं की अंगावर मळ धरतो आणि आळशी होतो."

मी वहीत टिपून घ्यावं की काय अशा बेतात होते. आक्का माझ्याकडे वळल्या.

"तू काय करतेस ह्याचं?"

"रोज पुसते," मी जरा अभिमानानंच सांगितलं. "तो ठसा दिसल्यापासून रोज."

"का?"

"गंज वाढू नये म्हणून."

"पुसतेस कशानं?"

"मऊ सुती कापडानं."

"आणि धरतेस कशानं?"

मी माझ्या हातांकडे बघितलं. तळवे घामानं चकाकत होते.

"...हातानं."

"हं. आणि ठेवतेस कशात?"

"बाबांच्या चामड्याच्या होल्स्टरमध्ये. त्यातच असायचं ना ते."

"कमरेला असायचं तेव्हा. चामडं ओल धरून ठेवतं गं. बाहेर जाताना होल्स्टर, झोपताना कोरडी पेटी. तू बाहेरून येऊन रेनकोटातच झोपतेस का?"

कावेरी खुदकन हसली. आईला कुणी बोललं की तिला फार बरं वाटतं.

"आणि ठसा?" मी विचारलं.

"चालवून दाखव आधी."

"आक्का, मी विचारायला आलेय. गोळी झाडायला नाही."

"तुझे बाबाही विचारायलाच यायचे."

एवढंच बोलून त्या उठल्या. पिस्तूल जुनं असलं तरी चालतं करून ठेवलेलं होतं. आतली कमकुवत झालेली स्प्रिंग बाबांनी आक्कांच्या देखरेखीखालीच बदलून घेतली होती. वर्षातून एकदा ते हलक्या गोळ्यांवर इथे चालवायचे आणि त्याच दिवशी साफ करून मगच घरी न्यायचे. हे सगळं मला माहीत होतं. फक्त ते काम आता माझं आहे, एवढंच ध्यानात आलं नव्हतं.

कावेरीला मागच्या खोलीत, जाड काचेपलीकडे बसवलं. डोक्यावर मोठे मफ, पुढ्यात निशाणाचा जुना कागद आणि रंगीत खडू. काचेतून तिनं मला हात केला. मीही केला. परत केला. आणखी एकदा करणार होते, तेवढ्यात आक्का खाकरल्या.

माझ्याकडे पाठ करून त्यांनी मॅगझिन भरलं.

"किती भरल्या?"

"तुला काय करायचंय? समोर बघ."

समोर मातीचा उंच बांध, त्याच्या पुढे कागद. दोन्ही हातांची मूठ. श्वास. पुढच्या टोकावरचा तो बारीकसा दाणा मागच्या खाचेत आणायचा, आणि फक्त त्या दाण्याकडे बघायचं. एवढं मला आठवत होतं.

चाप दाबला.

आवाज मफमधूनही छातीत उतरला. बांधावर माती उडाली. कागदाच्या कोपऱ्यात भोक पडलं होतं. अगदी कोपऱ्यात, पण पडलं होतं.

"पुन्हा."

पुन्हा श्वास. पुन्हा दाणा. चाप...

टक.

नुसतं टक. आवाज नाही, धूर नाही, धक्का नाही.

आणि नळी मात्र माझ्या पायांपुढच्या जमिनीकडे झुकलेली. डोळे घट्ट मिटलेले. खांदे कानांना टेकलेले.

मी एक डोळा उघडला.

"गोळी नव्हती," मी म्हणाले.

"नव्हती. खोटी होती. आत दारूच नाही. मीच घातली मध्ये."

"मग..."

"मग दचकलीस कशाला?"

"आवाज होईल म्हणून."

"झाला?"

"...नाही."

"पहिल्या वेळीही अशीच दचकली होतीस. आवाजानं झाकलं, एवढंच. म्हणून कोपऱ्यात लागली."

मला हसू आलं. सुटल्यासारखं, मोकळं हसू. म्हणजे काहीच नव्हतं तर! खांदे सैल पडले. काचेपलीकडे कावेरी बघते आहे का, ते बघायला मी मान वळवली, मानेमागून अंगही वळायला लागलं...

आक्कांची बोटं माझ्या मनगटाभोवती आवळली. ह्या वयाच्या हातात एवढी ताकद असेल असं वाटत नव्हतं.

"नळी बांधाकडे."

मी नळी बांधाकडे केली.

"रिकामी असताना दचकलीस. ती रिकामी होती हे कळल्यावर निवांत झालीस. मॅगझिनमधली पुढची खरी आहे, ऋजुता."

मी जागची हलले नाही. त्यांनी शांतपणे पिस्तूल काढून घेतलं, मोकळं केलं, करंगळीनं चाचपलं. मग माझ्यापुढे धरलं. ह्या खेपेला मीही चाचपलं.



टेबलाशी आलो. आक्कांनी नळीतून ब्रश फिरवायला दिला. कावेरी बाहेर येऊन पुन्हा हनुवटी टेकवून उभी राहिली. ब्रश काळा झाला, फडकी काळी झाली, मग हळूहळू फडकी पांढरीच बाहेर यायला लागली.

"ठसा तेलाच्या वर होता की खाली?" आक्कांनी विचारलं. अगदी सहज, मीठ जास्त झालं का असं विचारावं तसं.

"खाली."

"आणि ते तेल लावलेलं कुणी?"

"बाबांनी. मी पहिल्यांदाच..."

ब्रश हातात तसाच राहिला.

तेल बाबांचं. बाबा गेले गेल्या पावसाळ्यात. कपाट माझ्या घरी आलं त्यानंतर. लोखंड, पाणी, हवा. दरवर्षी मी गंजाचं समीकरण फळ्यावर लिहिते आणि मुलांना म्हणते, आधी निरीक्षण, मग निष्कर्ष.

"मग बोट कुणाचं, आक्का?"

"तुमच्याकडे खंडेनवमीला पूजा व्हायची ना?"

"व्हायची. बाबा सगळं पाटावर मांडायचे. तलवार, हे पिस्तूल, माझी कंपासपेटीसुद्धा."

"ओलं कुंकू पोलादाला लावतं का कुणी? शंभरदा सांगितलं असेल मी त्याला. पण ऐकेल तर तुझा बाप कसला! एका वर्षी घरातल्या छोट्या बाईसाहेबांच्या, म्हणजे तुझ्या, हातून लावून घेतलं. वर ते पुसलं नाही दिवाळीपर्यंत. मग आला धावत. म्हणाला, आक्का, गंज चढतोय, थांबवा. मी म्हटलं, आण इकडे, घासून काढते. तर म्हणे, काढू नका..."

"मग?"

"नुसता थांबवा, म्हणे."

मी ठशावर बोट ठेवलं. माझं बोट त्याच्या चारी बाजूंनी बाहेर आलं.

मग नाक पुसलं, कोपरानं, कारण हातांना तेल होतं.

"म्हणजे कावेरीचा नाही," मी म्हणाले. "चला. सुटले मी."

"तिला विचारलंस?"

"आता कशाला विचारायचं? ठसा तिचा नाहीच, तर..."

आक्कांनी मॅगझिनमध्ये उरलेली खरी गोळी अंगठ्यानं बाहेर सरकवली. माझ्यापुढे टेबलावर उभी करून ठेवली. पितळेची, चमकदार, बोटाच्या पेराएवढी. मग त्या तेलाच्या बाटलीचं टोपण लावत बसल्या.

मी गोळीकडे बघितलं. आक्कांकडे बघितलं. मग खाली उकिडवी बसले. कावेरीचा चेहरा माझ्या चेहऱ्यासमोर आला.

"कावू, आजोबांच्या पिस्तुलाला तू कधी हात लावलायस का गं?"

"नाही." तिनं जोरजोरात मान हलवली. "तू नाही म्हणालीस ना."

माझे खांदे खाली आले.

"पण आई," कावेरी म्हणाली, "किल्ली साबुदाण्याच्या डब्यात नको ना ठेवू. ती सारखी वर येते, मग मला परत खाली दाबून ठेवावी लागते."