गोजरीचा मोकळा दोरा

"सूर्यास्ताचा टोला पडला, की नेमलेलं एकही काम शिल्लक दिसता कामा नये! असे सात दिवस! एक जरी राहिलं, तर आठव्या दिवशी फुलांची परडी दुसरीच्या हातात!"

एवढं बोलून धवलराय महाराज ऐसपैस टेकून बसले. समोर गोजरी फुलारीण उभी होती. धाकटी कडेवर, मधला पदराला लोंबकळत होता आणि थोरली दाराशी मोर बघत होती. नवरा लष्कराची घोडी घेऊन दूरच्या छावणीत गेलेला. राजवाड्याचे हार करायचे आणि त्यावर चूल पेटवायची, एवढाच तिला आधार. परडी गेली तर खायचं काय?

महाराजांना हे वेड नवंच लागलं होतं. घंगाळात पाणी भरायचं, त्यावर बारीक भोकाची तांब्याची वाटी सोडायची. वाटी बुडाली, की एक घटका संपली! लगेच शिपाई टोला हाणायचा. उजाडल्यापासून मावळेपर्यंत असे तीस टोले. प्रत्येकाने आठवड्याची कामं घटकाघटकांत बसवून आणायची, असं फर्मान निघालं होतं. आणि गोजरी आठवड्यात तीनदा उशिरा आली होती.

"पोरं आहेत, महाराज," ती म्हणाली. "त्यांना टोले ऐकू येत नाहीत."

"आम्हालाही युवराज आहेत! हे बघ आमचं पत्रक. तीस घटका, तीस कामं! मधे सुई जायला जागा नाही. आणि हा नेम आम्हालाही लागू, बरं का!"

"युवराजांना सात दाया आहेत, महाराज."

"जीभ चांगली चालते तुझी! उद्या पत्रक घेऊन ये."

लिहिता कुठं येत होतं गोजरीला! घरी येऊन ती मणी ओवायला बसली. एक मणी म्हणजे एक घटका. तांबडे मणी राजवाड्याचे, हिरवे घरकामाचे, पांढरे पोरांचे. तीस मणी कसेबसे दोऱ्यात कोंबले आणि गाठ मारायला गेली, तर दोराच उरला नव्हता! मणी घरंगळत चुलीपर्यंत गेले. धाकटीने टाळ्या पिटल्या. गोजरी आधी चिडली, मग थबकली, आणि मग एकटीच हसत सुटली.

दुसऱ्या दिवशी तिने महाराजांपुढे सात सर ठेवले.

महाराजांनी एक सर मोजला. "सव्वीसच मणी? चार घटका कुठे गेल्या?"

"त्या मोकळ्या आहेत."

"म्हणजे लोळायला?"

"महाराज, रोज तुमच्या गळ्यात हार घालते मी. दोरा फुलांनी टोकापर्यंत भरला, तर गाठ कुठं मारू?"

"बघतोच तुझी गाठ!" महाराज मिशीत हसले.

आणि खरंच बघायला लागले! सोमवारी भर दुपारी निरोप आला, "हत्तीला हार हवा, आत्ताच्या आत्ता!" गोजरीने सरावरचे मणी थोडे पुढे सरकवले आणि हत्तीचा हार ओवला. संध्याकाळपर्यंत बाकीची कामंही उरकली. बुधवारी मधल्याने नाकात चिंचोका घातला. वैद्यबुवांनी तो काढेपर्यंत तीन घटका गेल्या. मणी पुन्हा सरकले. शुक्रवारी महाराजांनी तिला तातडीने बोलावून घेतलं आणि "काही नाही, सहज!" म्हणून परत पाठवलं.

रविवार उजाडला, शेवटचा दिवस. त्या दिवशी कुणीच काही मोडलं नाही. उन्हं उतरायला लागली, सगळी कामं उरकली, तरी दोरा अजून मोकळाच होता. गोजरी राजवाड्यालगतच्या आपल्या झोपडीच्या पायरीवर पाय पसरून निवांत बसली. कितीतरी दिवसांनी तिची पाठ भिंतीला टेकली होती.

तेवढ्यात महाराजच धापा टाकत आले. मुंडासं वाकडं, घामाने निथळलेले. मागे पाच वर्षांचे युवराज, डोळे रडून लाल, मुठीत काहीतरी घट्ट धरलेलं.

"गोजरी, तुझा दोरा किती उरलाय?"

"सगळाच आहे. का हो, महाराज?"

"याचा पहिला दात पडला! छपरावर टाकायचा म्हणतो, आणि तोही आमच्याच हाताने! वाडा तीन मजली. दुपारपासून फेकतोय, फेकतोय, आणि दात खाली येतोय! वकील खोळंबलेत, पहिलवान घरी गेले!"

"दात छपरावर टाकायचा, एवढंच ना? राजवाड्याच्याच छपरावर असं कुणी सांगितलं?" गोजरीने आपल्या बसक्या झोपडीकडे बोट दाखवलं. "इथले उंदीरही पांढऱ्याशुभ्र दातांचे आहेत हो, युवराज!"

महाराजांनी हात वर केला आणि दात अलगद छपराच्या गवतावर ठेवला. युवराज खुदकन हसले. दातांच्या मधे खिडकी पडली होती.

तेवढ्यात सूर्यास्ताचा टोला पडला. ठण्ण!

"माझं काही शिल्लक नाही," गोजरी म्हणाली. "तुमची किती कामं राहिली, महाराज?"

"अकरा," महाराज पुटपुटले.

"अगंबाई! मग नेमाप्रमाणे उद्या मुकुट कुणाच्या डोक्यावर?"

महाराजांनी डोक्यावरचं वाकडं मुंडासं चाचपलं. मग असे हसले, की राजवाड्याच्या सज्जातल्या सातही दाया डोकावल्या! "हरलो, बाई! परडी कायमची तुझी! आणि उद्यापासून दरबारात सगळ्यांच्याच चार घटका मोकळ्या, आमच्यासुद्धा!"

त्यांनी गळ्यातला तीस मोत्यांचा सर काढला आणि थट्टेने त्यातले चार मोती काढून मुठीत ठेवले. "हा घे, तुझ्याच मापाचा. सव्वीस मोती, वर मोकळा दोरा!"

गोजरीने सर घेतला, कपाळाला लावला आणि दुसरा हात पुढे केला.

"महाराज, गाठीला दोरा ठेवा म्हटलं होतं, मोती कमी करा असं कुठं म्हटलं? ते चार द्या इकडे. लांब दोरा आहे माझ्याकडे!"

महाराजांनी हसत हसत मूठ उघडली.