मंगळूअण्णानं नदीपार मारलेला बॉल

फार वर्षांपूर्वी, गावात टीव्ही नव्हता आणि भांडायला सवड मात्र भरपूर होती त्या काळी, नदीच्या अल्याड तांबुळवाडी आणि पल्याड करंजोळ अशी दोन गावं होती. गावं आजही आहेत. दोन्हीकडं तालीम, दोन्हीकडं मारुती आणि दोन्हीकडं फुटबॉलचं खूळ. चैत्रात जत्रेला दोघांची मॅच व्हायची. एका साली गोल झाला का नाही यावरनं जुंपली, डोकी फुटली आणि मारुतीसमोर शपथा झाल्या, की आजपासनं रोटी बंद, बेटी बंद. मॅच तेवढी चालू राहिली. मॅच कोण बंद करील?

पण ज्या पोरी आधीच पल्याड दिल्या होत्या त्यांचं काय, हे शपथ घेताना एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नाही. आमच्या शेवंताक्काची लेक हौसा तशीच पल्याड अडकली. तिनं माहेरी यायचं नाही, आईनं तिकडं जायचं नाही. हौसाला पोर झालं ते आक्कानं नुसतं ऐकलं. हौसाचं घर काठावरच, त्यामुळं धुण्याला गेली की आक्का पल्याड बघत बसायची.

अशात आमच्या तालमीच्या दौलू वस्तादानं मॅच जिंकायला एक खेळाडू आणला. तो घाना देशाचा. कलकत्त्यात खेळला, गोव्यात खेळला, मग गुडघा दुखावला तसं मालकानं वाऱ्यावर सोडलं. नाव क्वाबेना. त्यांच्या मुलखात मंगळवारी झालेल्या पोराला हे नाव ठेवतात, असं त्यानं सांगितलं आणि गावाला हायसं वाटलं. आपल्यातही मंगळवारचा तो मंगळूच की! तेव्हापासनं तो मंगळूअण्णा.

दौलू वस्ताद जन्मभर कुस्तीतला माणूस. त्याच्या हिशेबी पैलवान काय नि फुटबॉलवाला काय, खुराक एकच. त्यानं मंगळूला पहाटे जोर-बैठकांना जुंपलं आणि वर बदामाची थंडाई, तूप, तांबडा रस्सा. बिचारा धावायचा सोडून सुस्तावला. शेवटी शेवंताक्कानं त्याला आपल्या घरी जेवायला घातलं, भाकरी, आमटी, ताक. त्यानं तो पुन्हा हलका झाला. एकदा नदीवर त्यानं विचारलं, "आक्का, रोज तिकडं काय बघतेस?"

"माझी लेक हाय तिकडं," आक्का म्हणाली. "आन् तुझी आई?"

त्यानं मावळतीकडं हात केला. घर सोडल्यापासनं त्यानंही आईला बघितलं नव्हतं. मग धुण्याचं दुसरं टोक धरून आक्काला पिळू लागला.

मॅचचा दिवस उजाडला. आमच्याकडची रीत अशी, की सकाळी बॉल मारुतीच्या पायाशी ठेवायचा, शेंदूर लावायचा. मग तो बॉल देवाचा. मैदानाबाहेर गेला तर तो ज्याच्या हाताला पहिला लागेल त्यानंच आणून द्यायचा. दुसऱ्याच्या हाती धाडला तर मारुती कोपतो, असं म्हणतात. "जपून मार रं," वस्तादानं मंगळूला बजावलं. "एका साली एका लंगड्या म्हातारीच्या परड्यात पडला, आन् सगळं गाव तिची वाट बघत हुबं!"

शहरातल्या एका क्लबाचा माणूस त्या दिवशी मुद्दाम आला होता. गोल मारलास तर घेऊन जातो, असं तो मंगळूला म्हणाला होता. असा माणूस पुन्हा येणार नव्हता, आणि मंगळूला ते चांगलं ठाऊक होतं.

आमच्या काठावरच्या मैदानात मॅच बरोबरीत. उन्हं कललेली. बॉल मंगळूच्या पायात आला, करंजोळचा गोली घसरून पडला, पुढं सगळं मोकळं. तांबुळवाडी ओरडली, "मार!" मंगळूनं गोलाकडं बघितलं, मग काठावर उभ्या शेवंताक्काकडं बघितलं, वळला आणि नदीच्या दिशेनं मारला. गुडघा कट्कन वाजला. आता नदी केवढी रुंद ते मला विचारू नका. बॉल एवढा उंच गेला, की घारींनी वाट दिली, असं म्हणतात. आणि पडला तो थेट हौसाच्या अंगणात, वाळत घातलेल्या सांडग्यांत.

गडीमाणसं सगळी मॅचला. बॉल उचलला तो हौसानंच.

करंजोळच्या म्हाताऱ्यांनी एकमेकांची तोंडं बघितली. शपथ मारुतीसमोरची, पण बॉल खुद्द मारुतीचा. काय करणार? अडवायला कुणी पुढं झालं नाही. हौसा गुडघाभर पाण्यातनं आली, कडेवर पोर, काखेत बॉल.

"आयं, किती वाळलीस गं," एवढंच ती म्हणाली. आक्कानं नातवाला उराशी घेतलं आणि हमसून हमसून रडली. हौसा गेली हे बघून मागनं एकेक करत बाकीच्या लेकीही पाण्यात उतरल्या. अंधार पडला. मॅच काही पुन्हा सुरू झाली नाही.

वस्तादानं मंगळूला गाठलं. "अरे भल्या माणसा, एवढं तूप काय गोल सोडायला चारलं व्हय रं तुला?"

मंगळू गुडघा धरून मातीत बसला होता. म्हणाला, "वस्ताद, तुमची लेक कुठं दिलीया?"

वस्तादानं नदीकडं बघितलं. त्याचीही लेक पाण्यातनं येत होती. तो फेट्याच्या शेमल्यानं डोळे पुसत तिकडं गेला.

क्लबाचा माणूस निघून गेला. मंगळूअण्णा पुन्हा खेळला नाही. पाऊसकाळापर्यंत आक्काकडं राहिला, मग एका सकाळी दुधाच्या टेंपोतनं गेला. कुणी म्हणतं गोव्यात पोरांना शिकवायचा, कुणी म्हणतं बोटीवर चढला. आईपर्यंत पोचला का, हे मात्र कुणालाच ठाऊक नाही.

आज दोन्ही गावांत सोयरिकी आहेत, भांडणंही आहेत. पण जत्रेच्या मॅचला बॉल आधी पल्याड नेतात आणि तिथं दिलेली एखादी लेक तो पाण्यातनं घेऊन येते. तिनं ठेवल्याशिवाय शिट्टी वाजत नाही. त्याआधी मैदानाच्या कडेला एक ताट वाढतात, भाकरी, आमटी, ताक. मग गावातली सगळ्यांत म्हातारी बाई मावळतीकडं तोंड करते आणि हाळी देऊन सांगते, "मंगळूच्या आई, पोरगं जेवलंय गं! घोर लावून घेऊ नगंस."