मडक्याला जॅकेट

एका गावात एक भोळा धाकटा भाऊ होता. थोरलाही होता, पण तो मेला.

थोरल्याचं नाव सोपान, धाकट्याचं गेनू. सोपान शहरातल्या लोकांना डोंगरावर न्यायचा. पलीकडे धरणाचं पाणी. तिथं त्यांना कयाक चालवायला शिकवायचा. कयाक म्हणजे काकडीसारखी लांबट होडी. डोंगरावरून तो कधी पडला नाही. पाण्यात कधी बुडाला नाही. घरी, अंथरुणात, तापाने गेला. घरी बसलो तर मरेन, असं म्हणायचाच तो.

दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. वहिनी म्हणाली, "पोरांना सांभाळीन." कावळा हलला नाही. आई म्हणाली, "तुझी कयाक कुणाला विकणार नाही." कावळ्याने तोंड फिरवलं. मग सोपानचा जोडीदार रंगादादा पुढे झाला.

"सोपान्या, गेनूला डोंगर दाखवायचा राहिला ना तुझा? मी नेतो. तुझ्या अस्थीही तोच पाण्यात सोडेल."

कावळ्याने झडप घातली आणि भात घेऊन गेला.

वहिनीने अस्थींचं मडकं फडक्याने घट्ट बांधून गेनूच्या हातात दिलं. "भाऊजी, एवढं एक काम नीट करा. हे झाल्याशिवाय त्यांचा जीव सुटायचा नाही."

"बरं," गेनू म्हणाला.

रविवारी दोघं निघाले. वाटेत गेनू एका सरड्याच्या मागे लागला. रंगादादा ओरडला, "इकडंतिकडं जायचं नाही. माझ्या पावलावर पाऊल ठेव."

"बरं."

थोड्या वेळाने रंगादादा झुडपाआड लघवीला गेला. वळून बघतो तर मागे गेनू. मडक्यासकट.

"इथं कशाला तडमडलास?"

"पावलावर पाऊल."

"अरे येड्या, माणूस झुडपाआड गेला की पाठ फिरवायची! गाणं म्हणत उभं राहायचं!"

"बरं."

पुढे मुरमाड उतार होता. रंगादादाचा पाय सटकला आणि तो गडगडत करवंदीच्या जाळीआड गेला.

"मेलो रे गेन्या!"

गेनूने पाठ फिरवली आणि गाणं सुरू केलं. आधी अभंग म्हटला. तो संपल्यावर लावणी म्हटली.

रंगादादा अंगभर काटे घेऊन वर आला. "मी बोंबलतोय आणि तू गातोस?"

"झुडपाआड होतास ना."

"माणूस ओरडला की त्याला दोन्ही हातांनी धरायचं! आणि धरलं की सोडायचं नाही!"

"बरं."

माथ्यावर भन्नाट वारा होता. गेनूने जन्मभर हा डोंगर खालूनच बघितला होता. तो कधी पाण्याकडे बघे, कधी आपल्या घराच्या कौलांकडे. मग एकटाच हसत सुटला.

"एवढं भारी आहे हे? मग दादाने मला कधी का नाही आणलं?"

"आणणार होता. दर रविवारी म्हणायचा, पुढच्या रविवारी नेतो."

गेनूने मडकं शेजारी ठेवलं, दादालाही दिसावं म्हणून त्याचं तोंड दरीकडे केलं. मग चिक्की खाल्ली आणि कागद भिरकावला.

"उचल तो!" रंगादादा खेकसला. "घरून आणलं ते घरी परत न्यायचं. डोंगरावर टाकायचं नाही, पाण्यात टाकायचं नाही. काही म्हणजे काही टाकायचं नाही. तुझ्या दादाचा नियम आहे."

"दादाचा?"

"दादाचाच."

गेनूने कागद उचलला. नियमही लक्षात ठेवला.

पाण्यापाशी रंगादादाने त्याला फुगीर जॅकेट दिलं. "हे असलं की माणूस बुडत नाही." गेनूने ते मडक्याला घातलं आणि पट्टे आवळले.

"अरे, तुला दिलंय!"

"मला पोहता येतं. दादालाही येत होतं. पण आता त्याला हात नाहीत."

रंगादादा आणखी एक जॅकेट घेऊन आला.

कयाक निघाली. पुढे गेनू, मध्ये मडकं, मागे रंगादादा. गेनूचे हात वल्ह्यावर असे बसले, जसे काही सोपानचेच. कयाक पाणी कापत सुटली. रंगादादाला राहवेना. तो ओरडला, "वा रे पठ्ठ्या!"

माणूस ओरडला. गेनूने वल्हं टाकलं, मागे वळून रंगादादाला दोन्ही हातांनी धरलं आणि सोडलं नाही.

कयाक उलटली. तिघंही तरंगले.

कशीबशी कयाक सरळ करून ते मधोमध पोहोचले. रंगादादा म्हणाला, "सोड आता त्याला. माझ्याच्याने बघवणार नाही." त्याने पाठ फिरवली आणि ओल्या टॉवेलमध्ये तोंड घालून रडला. बऱ्याच वेळाने विचारलं, "झालं का रे?"

"नियमाप्रमाणे झालं."

संध्याकाळी वहिनीने रिकामं मडकं घासायला म्हणून फडकं सोडलं. मडकं भरलेलं. वर चिक्कीचा कागद.

"भाऊजी, हे काय?"

"घरून नेलं, घरी आणलं. दादाचा नियम. चिमूटभरही सांडू दिलं नाही."

रंगादादाने कपाळावर हात मारला. "अरे गाढवा, तो नियम कचऱ्याचा! अस्थी म्हणजे कचरा आहे का?"

"नाही ना? आपण कचरासुद्धा टाकत नाही. मग दादाला टाकायचं?"

वहिनी मडक्याकडे बघत राहिली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली. हसता हसता रडली, पुन्हा हसली. मग तिने फडकं होतं तसं बांधलं.

"असू द्या. पुढच्या रविवारी सोडा."

पुढच्या रविवारी गेनू मडकं घेऊन गेला आणि मडकं घेऊन आला. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. आता दर रविवारी सोपान गेनूला डोंगरावर नेतो. मेल्यापासून त्याने एकही रविवार चुकवलेला नाही.