डाव्या कोपऱ्यातली माती

एकदा एका समुद्रकाठच्या गावात, सुरूच्या बनामागच्या तांबड्या मातीच्या मैदानावर, एक वृद्ध पारखी सामना पाहायला येऊन बसले. कबड्डीतले तरुण खेळाडू पारखण्यात त्यांचे आयुष्य गेले होते. सोबत त्यांची शिष्या होती. ती विद्यापीठात संख्याशास्त्र शिकलेली होती आणि सिद्ध न झालेले काहीही मान्य न करण्याची तिची ख्याती होती. तिसरा होता एक आंब्याचा व्यापारी. त्याने नुकताच व्यावसायिक कबड्डीचा एक संघ विकत घेतला होता आणि त्या संघात बचावपटूची एकच जागा उरली होती.

त्या जागेसाठीच हा सराव सामना ठेवला होता. एका बाजूला गावच्या महाविद्यालयाचा संघ, दुसऱ्या बाजूला तालुक्यातल्या जुन्या क्लबचे मुरलेले गडी. महाविद्यालयातल्या मुलांचे हे शेवटचे वर्ष होते. ज्याची निवड होईल तो खेळत राहील. बाकीच्यांची कबड्डी बहुधा आज संध्याकाळी संपणार होती. डाव्या कोपऱ्यातला निकेश भोईर तर सोमवारपासून बर्फाच्या कारखान्यात रुजू होणार होता.

पण निकेशकडे कुणाचे लक्ष नव्हते. सगळ्यांच्या तोंडी नाव होते उजव्या कोपऱ्यातल्या प्रणय घरतचे. पूर्ण हंगामात जिल्ह्यात सर्वाधिक पकडी त्याच्या होत्या. घोट्याला त्याचा हात पडला की भरतीत सापडलेली होडी फिरावी तसा चढाई करणारा जागच्या जागी फिरे.

"घरतला आजच करारबद्ध करू," व्यापारी म्हणाला. "सामना केवळ उपचार."

"माझाही कौल त्यालाच आहे," शिष्या म्हणाली.

"आणि भोईर?" वृद्धांनी विचारले.

"त्याच्याविषयी मत देता येत नाही, गुरुजी. त्याच्या वाट्याला इतके कमी प्रसंग आले आहेत, की त्यावरून कोणताही निष्कर्ष काढणे अशास्त्रीय ठरेल. माहिती अपुरी आहे."

वृद्धांनी मान हलवली. पंचांची शिट्टी वाजली, आणि त्याच क्षणी त्यांनी आपली खुर्ची उलटी फिरवली. मैदानाकडे पाठ आणि समुद्राकडे तोंड करून ते शांत बसले.

व्यापारी अवघडला. "गुरुजी, खेळ इकडे चाललाय."

"समुद्र बरा दिसतोय, शेठ."

दुपार कलत होती. खाऱ्या हवेचे एक पातळ धुके मैदानावर उतरले होते, आणि त्यातून चढाई करणाऱ्यांचा 'कबड्डी, कबड्डी' हा अखंड घोष दूरच्या मधमाश्यांसारखा ऐकू येत होता. एक श्वास संपे, दुसरा सुरू होई. धूळ उठे, उन्हात क्षणभर केशरी होऊन तरंगत राही आणि खाली बसे. शिष्येने प्रणयच्या पकडी पाहिल्या आणि तिच्याही नकळत ती सुखावली. वृद्ध मात्र डोळे मिटून होते. ते झोपले आहेत की ऐकत आहेत, हे सांगता आले नसते.

मध्यंतर झाले. खेळाडू पाण्याकडे वळले तसे वृद्ध उठले, वहाणा काढल्या, आणि महाविद्यालयाच्या संघाने ज्या अर्ध्या भागाचे रक्षण केले होते त्यात अनवाणी उतरले. कुंपणाशी मुले एकमेकांना चिडवत होती. "निक्या, तुझी जर्सी तुझी आई धुते का नुसती घडी घालते रे?" निकेश हसला, आणि न मळलेल्या बाहीने त्याने तोंड पुसले.

वृद्धांनी शिष्येला हाक मारली. "मुली, इकडे ये. घाई करायला हवी. आता दोन्ही संघ बाजू बदलतील आणि ही माती पुसली जाईल."

उजवा कोपरा नांगरल्यासारखा उकरला गेला होता. घसरलेल्या टाचा, रेटलेले गुडघे, उमटलेले तळवे, सारे एकमेकांवर पडलेले. डाव्या कोपऱ्यात निकेशच्या स्वतःच्या पावलांचे मागेपुढे सरकल्याचे ठसे होते. पण त्यांच्या पुढची माती, जिथे चढाई करणाऱ्याचे पाऊल पडायला हवे होते ती, सकाळी पाणी मारून रोलर फिरवला तशीच गुळगुळीत होती. तिच्यावर रोलरची रेघसुद्धा मोडली नव्हती.

शिष्येने वाकून दोन्ही कोपरे पाहिले. तिला क्षणभर वाटले, आपण एखाद्या अशा घराच्या अंगणात उभ्या आहोत जिथे कुणी पाहुणा येत नाही. मग तिची बुद्धी जागी झाली.

"हे सूचक आहे, गुरुजी, पण पुरावा नाही. या क्लबच्या गड्यांना उजवीकडूनच घुसण्याची सवय असेल. टाळतात ते माणसाला की जागेला, हे मातीवरून कसे ठरवणार?"

वृद्धांचा चेहरा खुलला. "ठरव ना. मी कुठे अडवतोय?"

शिष्या महाविद्यालयाच्या प्रशिक्षकांकडे गेली आणि उत्तरार्धात घरत आणि भोईर यांचे कोपरे बदलण्याची तिने विनंती केली. प्रशिक्षक कुरकुरले. उजव्या हाताने जेवणाऱ्याला डाव्या हाताने जेवायला सांगू नका, म्हणाले. पण सामना निवडीचाच होता. त्यांनी मान्य केले.

आता वृद्धांनी खुर्ची सरळ करून घेतली होती. पहिली चढाई करणारा गडी सवयीने उजवीकडे झेपावला, आणि तिथे निकेशला पाहताच थबकला. झोपेत चालणाऱ्याच्या पायाला एकाएकी गार पाणी लागावे, तसा तो मागे सरला आणि डावीकडे, प्रणयच्या दिशेने वळला. दुसऱ्याने तेच केले. तिसऱ्याला मध्यरेषा ओलांडण्यापूर्वीच कळले होते. निकेश आपल्या नव्या कोपऱ्यात वाकून, हात पसरून, येणाऱ्याची वाट पाहत राहिला. कुणी आले नाही.

शिष्या हळू आवाजात म्हणाली, "टाळतात ते माणसालाच."

"सामन्याकडे पाठ करून बसलो, याचा तुला राग आला असेल," वृद्ध म्हणाले. "ऐक. सुंदर पकड पाहिली की मी तिच्या प्रेमात पडतो. एवढ्या वर्षांनंतरही माझा माझ्या डोळ्यांवर विश्वास नाही. पण चढाई करणाऱ्याचा विचार कर. तो एका श्वासाच्या अवधीत सात माणसांना जोखतो, आणि चुकला तर बाद होतो. माझे चुकले तर मला कोण बाद करतो? म्हणून मी त्याच्या पायांना विचारतो. घरतच्या पकडी खऱ्या आहेत, त्यात खोट काढू नकोस. मात्र त्याच्याकडे एवढी माणसे का आली, हा प्रश्न तू विचारला नाहीस. ज्याला तू अपुरी माहिती म्हणालीस, ती या गड्यांनी पावलापावलाने अपुरी ठेवली होती."

आपण अचूक मोजले होते, एवढाच दिलासा शिष्येपाशी होता, आणि तो तिला पुरला नाही.

व्यापाऱ्याला मात्र हे रुचले नाही. "गुरुजी, लोक पकडी पाहायला तिकीट काढतात. ओस पडलेला कोपरा पाहायला कोण येईल?"

एवढ्यात सामना संपून क्लबचा कप्तान गळ्यात टॉवेल टाकून समोरून चालला होता. चाळिशीला टेकलेला, कानाची पाळी चेपलेली, जुना चढाईपटू. व्यापाऱ्याने त्याला थांबवले. "काय हो, तुम्ही त्या भोईरकडे एकदाही कसे गेला नाहीत?"

"गेलो होतो ना, शेठ," कप्तान म्हणाला. "दोन वर्षांमागे." आणि तो आपला गुडघा चोळत पुढे निघून गेला.

व्यापारी त्या लंगडत जाणाऱ्या पाठमोऱ्या माणसाकडे बघत राहिला. नंतर त्याने शिष्येला विचारले, "तुमचा कौल काय?"

वृद्धांनी मुद्दामच दुसरीकडे पाहिले.

"भोईर," शिष्या म्हणाली. "सामन्याआधी मी घरतचे नाव घेतले होते. ते मागे घेते."

"लिहून द्याल?"

"देईन."

निकेश नळाखाली पाय धूत होता. शिष्येने निवड झाल्याचे सांगितले तेव्हा तिची काहीतरी गफलत झाली आहे, या समजुतीने तो नम्रपणे बाजूला झाला. "मॅडम, प्रणय तिकडे आहे."

"निवड तुमची झाली आहे."

"माझी?" त्याने नळ बंद केला. "माझ्याकडे तर कुणी येतच नाही. मी नुसता उभा असतो. घरी पण सांगितलंय, आपल्याला काय जमलं नाही म्हणून."

तेव्हा तिने त्याला सारे सांगितले. कोपरे का बदलले, गडी कुठे वळले, मातीत काय दिसले आणि काय दिसले नाही. ती नेहमीप्रमाणे काटेकोर बोलली, एकही विशेषण न वापरता. निकेश ऐकत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर आनंद आला नाही. एखादी फार जुनी घटना नव्याने आठवावी, तसे काहीतरी हळूहळू उमटत गेले. कितीतरी दुपारी, कितीतरी मैदाने, आणि प्रत्येक ठिकाणी त्याच्यापासून दूर वळणारी ती पावले.

"म्हणजे," तो अखेर म्हणाला, "एवढी वर्षं मी खेळत होतो."