‘येते’ म्हणालेली रंगारीण

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की डोंगर तेव्हा नवे होते. म्हातारे मात्र तेव्हाही ‘आमच्या वेळी असं नव्हतं’ असंच म्हणायचे.

एका राज्यात नदीकाठी कापड रंगवायचा मोठा कारखाना होता. तिथे भिवरा नावाची एक तरुण रंगारीण निळीच्या रांजणावर काम करायची. ते काम तिला जिवापाड आवडायचं. कापड रांजणातून हिरवट निघायचं आणि वारा लागला की डोळ्यांदेखत निळं व्हायचं. भिवरा रोज ते पाहायची आणि रोज खूश व्हायची.

पण निळीत चुना असतो. संध्याकाळपर्यंत हातांची सालं निघायची.

राज्याच्या पहिल्या राणीने यासाठीच कायदा करून ठेवला होता. रंगात हात घालणाऱ्याला मालकाने हाताला लावायला तेल द्यावं. कामावरून काढायचं तर चारचौघांत कारण सांगावं. आणि कामकरी आपणहून सोडून गेला असं कधी धरावं? तर त्याने उंबऱ्यावर उभं राहून ‘मी जातो’ असं तोंडाने म्हटलं, तरच.

कायदा सगळ्यांना पाठ होता. दर दसऱ्याला कारखान्यातले म्हातारे ओळीने उभे राहून तो चालीवर म्हणायचे. मालक टाळ्या वाजवायचा. मग सगळे पेढा खायचे आणि दुसऱ्या दिवशी तेच फुटके हात घेऊन कामाला लागायचे. तेल मागावं, हे कुणाच्या डोक्यातच यायचं नाही. चाल बिघडू नये, एवढीच त्यांना काळजी.

अशाच एका दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी भिवरा मालकापुढे उभी राहिली.

“शेट, काल ज्याच्यावर टाळ्या वाजवल्यात, ते तेल कुठे ठेवलंय?”

शेट गोड हसला. तो कुणाला कामावरून काढायचा नाही. काढायचं तर कारण सांगावं लागतं, आणि कारण तर त्याच्याकडे नसायचं. तो माणसाला असा छळायचा, की माणूसच कंटाळून निघून जायचा. मग शेट हळहळायचा, “आपणहून गेला हो. चांगला होता बिचारा.”

त्याने भिवराचा रांजण दुसरीला दिला. तिला चुलाणाच्या धुरात बसवलं. धुतलेले रांजण पुन्हा पुन्हा धुवायला लावले. ती दिसली की ओरडायचा, “राणीसाहेब आल्या रे, तेल आणा, अत्तर आणा!” मग सगळे हसायचे. शेट हसला की हसायचं, हा तिथला न लिहिलेला कायदा होता, आणि तो मात्र रोज पाळला जायचा.

सगळ्यांत जुने कारागीर होते रंगोबा अण्णा. ते तिला बाजूला घेऊन म्हणाले, “पोरी, आम्ही जन्मभर सोसलं. तूही सोस.”

“अण्णा, तुम्ही सोसलंत म्हणूनच तो सोकावला.”

अण्णांना राग आला. खरं ऐकलं की मोठ्या माणसांना येतो, तसला.

एका संध्याकाळी शेटने भिवराचा बसायचा पाटच अंगणात भिरकावला. “इथे तुझी जागा नाही. काय समजायचं ते समज.”

हा निळा रंग उद्यापासून दिसणार नाही, घरची चूल कशी पेटेल, सगळं एकदमच भिवराच्या मनात आलं. तिने भाकरीचं फडकं उचललं, उंबऱ्यावर थांबली आणि लहानपणापासूनच्या सवयीने म्हणाली, “येते.”

कुणी मान वर केली नाही.

नदीपर्यंत ती रडत गेली. तिथे एकदम थांबली. मी काय म्हणाले? मग ती इतक्या मोठ्याने हसली, की पाण्यात डुंबणारी म्हैस दचकून तिच्याकडे बघत राहिली.

सकाळी भिवरा नेहमीच्या वेळेला हजर. पहारेकऱ्याने काठी आडवी धरली. “तू काल गेलीस, असं शेट म्हणाले.”

“बरं,” ती म्हणाली आणि तडक न्यायसभेत गेली.

न्यायाधीशांनी शेटला बोलावलं, कारागिरांना बोलावलं. बघ्यांची ही गर्दी झाली.

“अण्णा,” न्यायाधीशांनी विचारलं, “ही उंबऱ्यावर काय म्हणाली?”

अण्णांनी शेटकडे पाहिलं, मग छताकडे. “आता वय झालं, सरकार. ऐकू कमी येतं.”

“पेढे वाटले की नदीपलीकडून ऐकू येतं,” भिवरा म्हणाली.

सभा हसली. अण्णांचे कान लाल झाले. त्यांनी आपल्या फुटक्या हातांकडे पाहिलं, आणि जन्मात पहिल्यांदा शेटकडे न बघता बोलले, “येते म्हणाली, सरकार. ‘जाते’ नाही म्हणाली.”

“सरकार, ही बोलायची रीत झाली,” शेट घाईने म्हणाला. “येते म्हणजेच जाते. शेंबड्या पोरालाही कळतं.”

“येतो म्हणजे जातो? नक्की?”

“अगदी नक्की.”

“ठीक. तुमचं म्हणणं कळलं. आता निघा तुम्ही.”

शेटला वाटलं, जिंकलो. तो ऐटीत उठला, उंबऱ्यावर वळला, हात जोडले आणि म्हणाला, “बरंय सरकार, येतो.”

“थांबा,” न्यायाधीश म्हणाले. “मंडळी, ऐकलंत ना? शेट उंबऱ्यावर उभे राहून, चारचौघांत, ‘जातो’ म्हणाले. कारखाना आपणहून सोडून गेले. चांगले होते बिचारे. आता कारखाना कुणाला द्यायचा?”

शेट धोतर सावरत परत धावला. “नाही नाही, सरकार! येतो म्हणजे परत येतो!”

“मग तीही परत आली आहे,” न्यायाधीश म्हणाले. “रांजण द्या तिचा. आणि तेलही.”

मग जे हसू फुटलं, ते कुणाला आवरेना. कायदा करणारी राणी इथलीच होती. घरातून पाऊल काढताना इथे ‘जातो’ कुणीच म्हणत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पाठांतर करणाऱ्यांनाच ते कधी ऐकू आलं नव्हतं.

बातमी गावोगाव गेली. दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या दाराशी ही रांग. छळाला कंटाळून निघून गेलेले सगळे कारागीर, कुणी लेकरं कडेवर घेऊन, कुणी काठी टेकत. प्रत्येकाचं एकच म्हणणं, “आम्हीही ‘येतो’ म्हणालो होतो.” शेटला जमिनीत नवे रांजण पुरावे लागले. नदीकाठ असा निळा झाला, की आभाळ खाली उतरल्यासारखं वाटावं.

संध्याकाळी तेलाचं भांडं फिरलं. अण्णांनी हात बुडवले आणि बराच वेळ काढलेच नाहीत.

“अगं, हे आम्हालाही मागता आलं असतं.”

“हो, अण्णा,” भिवरा म्हणाली. “आलं असतं.” आणि भांडं त्यांच्या आणखी जवळ सरकवलं.

बोध: हक्क नुसता तोंडपाठ असून भागत नाही, तो तोंड उघडून मागावा लागतो.